कुशनकाकूंचा मखमली बँड

कुशनकाकूंना सुरातलं ओ की ठो कळत नसे. बँडमास्तर वाजवता वाजवता मध्येच थांबले, की गाणं संपलं असं समजून त्या कडाडून टाळ्या वाजवत. शेवटी मास्तरांनीच हात जोडून सांगितलं, "काकू, मी तुमच्याकडे वळून बघेन, तेव्हाच वाजवा." पुढच्या कार्यक्रमात मास्तर शिंकायला म्हणून वळले आणि काकूंनी त्या शिंकेला उभं राहून दाद दिली.

अशा ह्या बाई पोरांच्या बँडच्या पाठीराखे मंडळाच्या अध्यक्ष होत्या. धंदा सोफ्याची कव्हरं आणि कुशनं शिवण्याचा, म्हणून कुशनकाकू. घराची पुढची खोलीच दुकान होती. तिथे शिलाई मशीन, कापसाची पोती, आणि कुठल्या ना कुठल्या उघड्याबोडक्या सोफ्यावर बसून पेपर वाचणारे काका.

खरं तर बँडमध्ये त्यांची लेक होती. ती क्लॅरिनेट वाजवायची. सहा महिन्यांत "ओठ दुखतात" म्हणून तिनं बँड सोडला. पण तोवर पालकांची पहिली सभा होऊन गेली होती आणि काकूंनी तिथं भोळेपणानं विचारलं होतं, "कार्यक्रम झाल्यावर खुर्च्या कोण उचलणार?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग काकूंकडे. झालं! लेक सुटली, आई अडकली. आता लेक औषधांच्या दुकानात नोकरीला होती आणि आई अजून ढोलाचे पट्टे शिवत होती.

"घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस फार," काका पेपरामागून म्हणत.

"अहो, ही पोरं एका जागी बसून गोंगाट करतात ते बरं. आपापल्या घरी केला असता तर?" काकू म्हणत. शेजारच्याच घरात ट्रम्पेट असल्यामुळे काकांना हे पटे.

त्या वर्षी मोठी स्पर्धा होती आणि गणवेश पार विटले होते. सर्वात लहान ढोलकऱ्याच्या चड्डीतून तर वारा आरपार जाई. सभा भरली. मंडळात बोलणारे दोघेच. एक दातांचे डॉक्टर, ते प्रत्येकाला "दुखतंय का?" अशा आवाजात प्रश्न विचारत. दुसरे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. सभा भरकटली की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधू लागे.

"निळा रंग घ्या. शांत वाटतो," डॉक्टर म्हणाले.

"लाल नकोच! लाल बघितला की लोक थांबतात," ड्रायव्हिंग मास्तर म्हणाले.

"अहो, थांबायलाच हवेत ना ऐकायला?"

ब्रेक दाबून दाबून ड्रायव्हिंग मास्तरांच्या पायात गोळा आला. तेव्हा काकूंनी घसा खाकरला. "माझ्याकडे मखमल पडून आहे. तपकिरी लाल, वर सोनेरी पानं. एका ठेकेदारानं कव्हरांची मोठी ऑर्डर दिली होती, त्यातलं उरलेलं कापड 'ठेवून घ्या' म्हणाला. ढीगभर आहे."

कव्हरं कुणाची होती, कुठे गेली, हे काकूंनी तेव्हा विचारलं नव्हतं आणि आता मंडळानंही विचारलं नाही. फुकटच्या कापडाला प्रश्न विचारू नयेत.

पुढचे दिवस पुढच्या खोलीत मखमलीशिवाय काही दिसेना. डॉक्टर बटणं लावायला आले. टाके सुबक घालत, पण प्रत्येक टाक्याआधी पोराला म्हणत, "जरा आ कर." ड्रायव्हिंग मास्तरांनी शिलाई मशीन चालवायला घेतलं आणि वळणावर हात दाखवून एक बाही उलटी जोडली. गणवेश झाले मात्र राजेशाही. पोरं उबेनं घामाघूम झाली, पण अंगावरची सोनेरी पानं बघून अंगात घालायला भांडू लागली.

स्पर्धेच्या दिवशी सगळे सभागृहात शिरले आणि काकू दारातच थबकल्या.

समोर रांगाच रांगा खुर्च्या. नव्याकोऱ्या. तपकिरी लाल मखमल, वर सोनेरी पानं.

"अग्गोबाई," काकू पुटपुटल्या, "ही तर माझीच कव्हरं!"

बोलून उपयोग नव्हता. बँडला पुढच्या दोन रांगांत बसायला सांगितलं होतं. पोरं बसली आणि दिसेनाशी झाली. नुसती डोकी तरंगत होती. तीही, दिवे मंद झाल्यावर, गेली.

थोरले परीक्षक उशिरा आले. चाचपडत पुढच्या रांगेत शिरले आणि ऐसपैस जागा बघून टेकले. खुर्ची ओरडली, "आई गं!"

"माफ करा हं," परीक्षक खुर्चीला म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. ती म्हणाली, "इथं मी आहे, आजोबा."

तेवढ्यात निवेदकानं बँडचं नाव पुकारलं आणि पुढच्या दोन रांगा उठून चालू लागल्या. मागं एका आजींनी किंकाळी फोडली. सभागृहाचे व्यवस्थापक "बँडचे अध्यक्ष कोण?" विचारत धावतच काकूंकडे आले.

"बाई, तुम्ही आमच्या खुर्च्या सोलल्यात!"

"मोजून घ्या हवं तर. एकही उघडी नाही."

व्यवस्थापकांनी रांगेवरून हात फिरवला. सगळ्या खुर्च्या अंगभर कपड्यांत होत्या. "मग ही पोरं कुठून आली?"

"आपापल्या घरून," काकू म्हणाल्या.

मंचावर पोरं मखमलीत शिजत होती. लवकर संपवावं एवढाच त्यांचा विचार होता. वर्षभर "जलद, जलद" म्हणून घसा बसवून घेतलेल्या बँडमास्तरांना आता त्यांच्यामागं धावावं लागलं. काकूंनी नेहमीप्रमाणे भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या, पण आज हसून हसून बेजार झालेल्या अख्ख्या सभागृहानं त्यांना साथ दिली.

दुसरा नंबर आला. थोरल्या परीक्षकांनी शेरा वाचून दाखवला, "वेग उत्तम. ताल चांगला. वेशभूषा दिसली नाही."

परतीच्या गाडीत पोरं एकमेकांवर रेलून झोपली. ड्रायव्हिंग मास्तर गाडी हळू चालवत होते. काकूंनी मागं वळून बघितलं. कुशनं रचून ठेवावीत तशी दिसत होती सगळी. लहान ढोलकऱ्याचं सुटलेलं बटण त्यांनी तिथंच दोऱ्यानं अडकवलं आणि उगीचच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आठवड्याभरानं पोहणाऱ्या मुलांचे पालक दारात उभे. "काकू, आमच्याही मंडळाच्या अध्यक्ष व्हा ना."

काकांनी पेपर खाली घेतला. "अगं, नाही म्हण!"

काकूंनी कोपऱ्यात उरलेला मखमलीचा तुकडा हातात धरून जोखला.

"होईन की," त्या म्हणाल्या. "पोहणाऱ्यांना कापड कमीच लागतं."