नवसागर आणि सलीमची कंबर

तमाम वाचकांस, विशेषतः माझ्या हाताखालच्या मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कराडकडच्या एका साखर कारखान्यात मुख्य केमिस्ट म्हणून मिरवणारा हा इसम बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतःच्या नाकावर पास झालेला नाही. नाक सलीमचं होतं. दीड महिन्यापूर्वी आष्ट्याहून त्याच्या मुलाचा फोन आला, अब्बा झोपेतच गेले म्हणाला... आणि हे गुपित सांभाळणारा मी एकटाच उरलो.

सांगलीच्या कॉलेजात आमची टेबलं शेजारी. सलीमचे वडील आष्ट्यात भांड्यांना कल्हई करायचे, त्यामुळे नवसागराच्या धुरात तो लहानाचा मोठा झालेला. माझे वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले. रसायनशास्त्रानं मला दोनदा आडवं पाडल्यावर त्यांनी एकाच वाक्यात निकाल दिला होता, "ह्या खेपंला न्हाई पास झालास तर भरतीच्या रांगंत हुबा ऱ्हायचं, बास." आणि तिसऱ्या खेपेला मला सर्दी झाली. साधी नव्हे, दोन्ही नाकपुड्या चिणून टाकणारी.

पुडीत पांढरा क्षार आला. ओळखायचा होता. क्लोराइड सापडलं, पण जोडीला काय? कॉस्टिक सोडा घालून नळी तापवली, वास घेतला, काही नाही. मग लिटमस धरला. लाल कागद निळा व्हायला हवा, मी घाबऱ्याघुबऱ्या निळाच उचललेला. तो इमानदारीत निळा राहिला. घड्याळ पळत होतं, भरतीची रांग डोळ्यांपुढे लांबत होती. शेजारी सलीमचे डोळे मात्र त्या वासानं पाणावले होते. बोलणं शक्य नव्हतं. बाहेरून आलेले परीक्षक चार पावलांवर, आणि पकडलं असतं तर दोघांचंही वर्ष गेलं असतं.

तेव्हा सलीमनं आपली परीक्षा बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि कंबर हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, पाय जागच्या जागी रगडत. त्याचे वडील हंड्यात उभे राहून वाळूनं आतली बाजू घासायचे, अगदी तसं. सगळी प्रयोगशाळा बघत राहिली. परीक्षकांनी विचारलं, काय चाललंय? "कंबर धरलीया सर," सलीम म्हणाला, आणि आणखी दोन फेरे घेतले. माझ्या डोक्यात उजेड पडला. कल्हई... नवसागर... अमोनियम क्लोराइड! तोंडीला मला विचारलं, अमोनिया कसा ओळखलास? मी चोंदलेल्या आवाजात सांगितलं, "वासावरून, सर."

पुढे सलीम आष्ट्यातच शाळामास्तर झाला. नवसागर शिकवायची वेळ आली की दरवर्षी वर्गात कंबर हलवून ही गोष्ट सांगायचा. त्या मित्राचं नाव मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. कोपऱ्यात त्याच्या वडिलांच्या हातच्या कल्हईचा हंडा होता, आतून अजून लखलखणारा. त्याच्या पत्नी रेहानाभाभींनी चहा दिला. सलीम गेल्यापासून त्या फारशा बोलत नाहीत, असं मुलानं नंतर फोनवर सांगितलं होतं. मग मी कप खाली ठेवला, हंड्याजवळ उभा राहिलो आणि या वयात, या पोटानिशी, कंबर हलवली. भाभी बघत राहिल्या. पदर तोंडाशी गेला, खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत... आणि त्या बोलून गेल्या,

"आवं, म्हंजी ते सर्दीचं गाढव तुमीच व्हय!"