प्रभुभोजनाआधीची शांतता

आमच्या मुदखेडच्या चर्चमध्ये भाकरी मोडण्याआधी पाळकसाहेब थांबायचे. ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल त्यानं उठून त्या माणसाकडे जावं, मगच प्रभुभोजनाला हात लावावा, असा रिवाज होता. गाणं नाही, पेटी नाही. सतरंजीवरून कुणीतरी उठे, वाट काढत भांडलेल्या माणसापाशी जाई, त्याचे हात हातात घेई आणि परत जागेवर येऊन बसे. आम्हा पोरांना त्यात भारी रस असायचा.

आजी गेली तेव्हा गाडी मिळेना म्हणून बाबांनी तिला मुदखेडलाच माती दिली. तिला जळकोटला, आजोबांशेजारी न्यायचं काकांचं म्हणणं होतं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. बाबा भलते हट्टी, आणि काका त्यांचेच भाऊ. दर महिन्याला दोघंही त्या शांततेत मान खाली घालून बसत आणि भाकरी-प्याला न घेता घरी जात. मला दोघांचाही राग यायचा. पण देवासमोर खोटं कुणीच वागत नव्हतं.

मग नवे पाळक आले. तरुण, कष्टाळू माणूस. खुर्च्या आल्या, ड्रम आले, उपासना मोबाइलवर दिसू लागली. शांतता मात्र गेली. एवढा वेळ काहीच झालं नाही तर लाइव्ह बंद पडलं असं बघणाऱ्यांना वाटतं, हे त्यांनी मंडळीला समजावलं आणि मंडळीनं माना डोलावल्या. देवापेक्षा बघणाऱ्यांची काळजी आम्हाला कधीपासून लागली, कुणास ठाऊक.

हृदयाचा झटका येऊन गेल्यावर बाबा पहिल्यांदाच चर्चला निघाले, तेव्हा वाटेत मला म्हणाले, "ते थांबोत न थांबोत, आज मी उठणार हाय."

काका बरेच पुढं बसले होते. भाकरी मोडली गेली, बाबा समोरच्या खुर्चीला धरून उठले आणि तेवढ्यात ड्रम सुरू झाले. सगळी मंडळी टाळ्या वाजवत उभी राहिली. बाबा मान उंचावून बघत राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात प्लास्टिकचा इवलासा पेला दिला. तो तसाच खाली ठेवून ते बसले.

काकांच्या घरीच जाऊ या, असं मी परतताना म्हटलं. तर म्हणाले, "घरी काय बोलू? ते देवासमोरच बोलायचं असतंय." त्याच आठवड्यात बाबा गेले. त्या ड्रमचा आवाज आठवला की मला अजून रडू येतं, आणि चीडही.

काका मातीला आले, पण कुणाशी बोलले नाहीत. नंतर मात्र ते पाळकांकडे जाऊन बराच वेळ बसले. पुढच्या प्रभुभोजनाला ड्रम थांबले, मोबाइलही बंद झाला. पाळकांनी हे मनापासून केलं, तेवढं श्रेय त्यांचं. निम्म्या लोकांना आता काय करायचं तेच आठवेना. तेव्हा काका उठले आणि आईसमोर येऊन उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मीबी उठलो व्हतो. पण समदेच उभे व्हते. दादा दिसलाच न्हाई."