आक्काच्या पाळण्यातले लुगडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. बायको गेल्यावर मी दुसरे लग्न केले नाही, त्यामुळे घरात मन मोकळे करावे असे माणूस उरले नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरे नाही. माणसे होती. निदान मुलगी तरी होती. मलाच तोंड उघडता आले नाही. आता पन्नाशी उलटली आहे, आणि जिच्याविषयी सांगायचे ती वाकळआक्का गेल्या माघात निपाणीत वारली. म्हणून लिहायला बसलो आहे.

मी शाळामास्तर होतो ते गाव बोरगावपासून दोन कोसांवर. जुन्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बायका तिथे घरोघरी होत्या. पण शिवायच्या आधी कापडाची एवढी चौकशी करणारी आक्काच. जुनेर घेऊन आलेल्या माणसाला ती उंबऱ्याबाहेरच थांबवायची आणि आतून विचारायची, "कुणाचं हाय? माणूस हाय का गेलंय? गेलं आसंल तर कशानं?" लोक वैतागायचे. एकदा पाटलांची सून म्हणाली, "आक्का, सोयरीक जुळवतीस का वाकळ शिवतीस?" आक्का म्हणाली, "सोयरीक सोपी गं. नवरा न्हाय आवडला तर कूस बदलून निजता येतंय. वाकळ कुठं बी वळलीस तरी अंगावरच आसती."

तिचे माहेर सदलग्याचे. नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला होता. धाकटी बहीण तंगेव्वा, तीही विधवा, तिच्याजवळ राहायची. दोघी आपसात कानडी बोलायच्या, आणि आक्का टाके मोजायची तेही कानडीतच. मराठीत मोजले की टाका तिरका जातो म्हणायची.

तिची शिवणाची खोली बघायला मी अधूनमधून मुद्दाम जात असे. विकत आणलेली वस्तू तिथे सुई आणि कात्री, एवढीच. बाकी सगळे घरातून बाद झालेले. चूल फुंकायची जुनी फुंकणी, एका बाजूने चिंधी कोंबून बंद केलेली, तिच्यात दाभण. तपकिरीच्या डबीत सुया, आणि त्या गंजू नयेत म्हणून तिच्याच डोक्याचे तेलकट केस. वाळलेल्या भोपळ्यात दोऱ्याचे गुंडे. देठाच्या भोकातून दोरा बाहेर काढलेला, म्हणजे गुंता व्हायचा नाही. रॉकेलच्या डब्याचे तोंड कापून त्यात काठ-पदर. तळ गेलेल्या बुट्टीला पोत्याचा तळ लावून त्यात तिकोनी ठिगळे. वाकळ जमिनीवर अंथरली की चार कोपऱ्यांवर फुटक्या जात्याचे चार तुकडे. शाळेतल्या फुटक्या पाट्यांच्या चौकटी मी तिला नेऊन द्यायचो. त्यांवर ती दोरा गुंडाळून ठेवायची. पहिली चौकट दिली तेव्हा उलटसुलट बघून म्हणाली, "ह्येच्यावर पोरं काय शिकली ठावं न्हाय, पर दोरा शहाण्यावानी बसलाय."

पण त्या खोलीतल्या दोन वस्तू नुसत्या सोयीच्या नव्हत्या. एक होता आढ्याला टांगलेला लाकडी पाळणा. आक्काला मूल झालेच नाही. पाळणा सासरच्यांनी हौसेने करून ठेवला होता. त्यात ती हयात, धडधाकट माणसांची लुगडी-धोतरे ठेवायची. दुसरी अंगणातली, लिंबाखालची, बूड कुजलेली ज्वारीची कणगी. मेलेल्या किंवा आजारी माणसाचे कापड त्या कणगीत जायचे. एक आख्खा उन्हाळा त्याला ऊन दाखवायचे, मग राखेच्या पाण्यात उकळायचे, आणि मगच सुई लावायची. तोवर ते घरात आणायचे नाही. मी एकदा कारण विचारले. "मेल्या माणसाला आपलं लुगडं सोडायला येळ लागतो," ती म्हणाली. तिला जंतू-बिंतू माहीत नव्हते. मला माहीत होते. मी मुलांना आरोग्याचा धडा शिकवत होतो.

एका वर्षी दिवाळीनंतर बायको माहेरी गेली, बेळगावजवळ बेळगुंदीला, आमच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन. तिथे प्लेग होता. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा तिच्या काखेत गाठ आली होती. तिसऱ्या दिवशी संपली. मी मुलीला उचलले, बायकोचे गाठोडे घेतले आणि परत आलो. गावात खरे सांगितले असते तर मला आणि पोरीला वेशीच्या आत घेतले नसते. मळ्यातल्या एखाद्या छपरात टाकले असते, थंडीच्या दिवसांत. आईच्या आजारपणासाठी ती मागे राहिली आहे, असे मी सांगितले.

पोर झोपेना. आईच्या लुगड्याचा पदर तोंडात धरल्याशिवाय ती कधी झोपलीच नव्हती. मला वाटले, त्याच लुगड्यांची वाकळ करून घ्यावी. पण खरे सांगितले तर ती कणगीत जाणार, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत हाती लागणार नाही.

आक्काने नेहमीप्रमाणे उंबऱ्यातून विचारले. मी म्हणालो, "घरातलीच. विरलीत म्हणून देऊन टाकली तिनं."

"बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

तिने वरचे हिरवे लुगडे हातात घेतले, जरा वेळ माझ्याकडे बघितले. मास्तरवर अविश्वास दाखवायची त्या गावात पद्धत नव्हती. तिने सगळी लुगडी पाळण्यात ठेवली. पाळण्याखाली तंगेव्वाचे अंथरूण होते.

नवव्या दिवशी तंगेव्वाला ताप आला आणि जांघेत गाठ. दोन दिवसांत ती गेली. मग शेजारच्या घरात उंदीर मरून पडले, दोन माणसे दगावली, आणि गाव मळ्यात छपरे घालून राहायला गेले. तिथे लोकांना बोलायला दुसरा विषय नव्हता. गावोगावच्या चिंध्या गोळा करून आक्काने रोग आणला, असे ठरले. तिच्या चौकश्यांना जे वैतागले होते, तेच आता म्हणू लागले की ही कुणाचेही काहीही घरात घेते. तालुक्याला अर्ज द्यायचे ठरले, आणि अर्ज लिहायला गावात एकच माणूस होता.

मी लिहिला. 'सदर बाई मृतांच्या घाणेरड्या चिंध्यांचा साठा राहत्या घरात करीत असून' असे त्यात वाक्य आहे. ते मला कुणी सांगितले नव्हते. माझे मीच घातले. चिंध्या जाळून टाकाव्यात, असा वरून हुकूम आला.

जाळायच्या दिवशी दुपारी आक्का माझ्या छपराकडे आली. दहा हात लांब उभी राहिली. बहीण गेल्यापासून ती सगळ्यांपासून तशीच लांब राहायची. म्हणाली, "मास्तर, माझ्यावर काय लिवलंय ते मला वाचून दाखवा. मला कोण सांगंना."

नक्कल माझ्याकडेच होती. मी वाचून दाखवली, त्या वाक्यासकट. तिने सगळे ऐकून घेतले.

"अक्षर चांगलं हाय म्हणत्यात तुमचं," ती म्हणाली. मग विचारले, "त्यात हिरवं लुगडं कुणाचं त्ये लिवलंय?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

लोकांनी काठ्यांनी ओढून सगळे अंगणात आणले. पाळणा, कणगी, बुट्टी, पाट्यांच्या चौकटी. भोपळा तडतडला तेव्हा दोघेतिघे हसले. अर्धी शिवून झालेली माझ्या मुलीची वाकळही त्यात गेली. मी हजर होतो. हुकुमाप्रमाणे झाले, असे मला लिहून द्यायचे होते.

महिन्याभराने मी बायको वारल्याचे जाहीर केले. तापाने, असे सांगितले. लोक हळहळले. ज्यांनी आक्काच्या घराकडे जाणे सोडले होते, त्यांनी माझ्या पोरीला भाकरी-दूध आणून दिले.

त्यानंतर त्या मुलखात आक्काला कुणी चिंधीसुद्धा दिली नाही. ती सदलग्याला गेली. तिथेही बोलवा तिच्याआधी पोचली होती. शेवटी निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला लागली. दहाबारा वर्षांनी मला ती बाजारात दिसली. बोटे तपकिरी झाली होती आणि सारखी खोकत होती. मी वळून जाणार होतो, पण तिनेच हाक मारली.

"मास्तर, पोरगी थोरली झाली आसंल."

लग्न ठरले आहे, मी म्हणालो. तिला बरे वाटले, असे मला दिसले. ते मला सहन झाले नाही. मी विचारले, "आक्का, तुम्हाला ठाऊक होतं. मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? मास्तरच्या म्होरं माझं कोण ऐकणार हुतं?" ती म्हणाली. "आन ऐकलं आसतं, तर त्या थंडीत तुमची पोर कुठं ठिवली आसती त्यांनी?" मग जरा खोकून म्हणाली, "मी गप बसले ती तिच्यासाठी. तुमच्यासाठी न्हवं. तुमी बोलशीला म्हणून लई दिवस वाट बघितली. माझी तंगी गेली, मास्तर. लोक म्हणत्यात मी मारली."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा मुलीच्या लग्नाला या, असे काहीतरी म्हणालो. ती आली नाही आणि मी बोलावणेही पाठवले नाही.

गावात अजूनही प्लेगचा विषय निघाला की म्हातारी माणसे वाकळआक्काचे नाव घेतात. माझी मुलगी माहेरपणाला येते, तेव्हा तीही ते ऐकते आणि मान हलवते. ते लुगडे तिच्या आईचे होते, तिची आई प्लेगने गेली आणि आक्काने विचारले तेव्हा मी खोटे बोललो, हे मला आधी मुलीला आणि मग गावच्या चावडीत सर्वांदेखत सांगायचे आहे. आक्का जिवंत असताना मी ते सांगितले नाही. ते मी तिला अजून देणे लागतो.