खाली जाणारी खुर्ची

मखमलच्या सलूनमधली खुर्ची खाली जायची. धाडकन नव्हे. गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की ती आपली हळूहळू सरकायला लागायची, आणि मानेवरचे केस होईपर्यंत आरशात नुसतं कपाळ उरायचं. "पुढच्या वेळी खड्डाच खणून ठेव, म्हणजे झंझट नको," असं लोक म्हणायचे आणि हसायचे.

मखमल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऐन उमेदीत त्याने कुणाची तरी दाढी केली, त्या माणसाने गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मखमल आहे मखमल." झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको सोडली तर अख्खी गल्ली त्याला त्याच नावाने हाक मारायची, आणि त्यालाही त्याचा तोरा होता. का नसावा? जन्मभर लोकांनी डोळे मिटून त्याच्या हातात गळा दिला होता.

पण अलीकडे दाढीला कुणी बसेना. केस कापून झाले, त्याने वस्तऱ्याकडे हात नेला, की, "आज राहू दे रे. ही तुझी खुर्ची खाली जाते." त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मास्तर. एकदा त्यांच्या हनुवटीला वस्तरा लागला, तोही नेमका खुर्ची सरकली तेव्हा. त्यानंतर मास्तरांनी चक्क दाढी वाढवली. पाठोपाठ पोस्टमनने, मग किराणावाल्याने. मखमल मनातल्या मनात त्या खुर्चीला शिव्या घालायचा. दुरुस्तीवाल्याने तिच्यापुढे हात टेकले होते आणि नवी घ्यायची तर खिशात दमडी नव्हती.

अशात शेजारच्या इस्त्रीवाल्याने त्याच्या कानात पिल्लू सोडलं. मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी होती. आधी धडधाकट माणसांना ते देऊन बघतात आणि मोबदला देतात. इस्त्रीवाला स्वतः पूर्वी एकदा जाऊन आला होता. "काही नाही रे. वेळेवर जेवण, वर पंखा, आणि दिवसभर तब्येतीची चौकशी. घरी कोण विचारतं?"

मखमल चौकशीला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मोबदला म्हणाल तर नवी खुर्ची येऊन वर थोडं उरणारा होता. डोकं दुखेल, मळमळेल. "आणि क्वचित एखाद्याचा हात थरथरतो," बाई म्हणाल्या. "औषध थांबवलं की बहुतेकांचा थांबतो. घाई करू नका, घरी विचारा. तुमच्या मनात असेल तरच या."

बहुतेकांचा. हा एक शब्द त्याच्या डोक्यातून हलेचना. बहुतेकांचा थांबतो, म्हणजे कुणाचा तरी थांबत नाही. तो कुणीतरी आपणच असलो तर? खुर्ची यायची आणि हात जायचा. आणि नाही गेलो तर हाताला काम नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जेवताना तोंडात घास फिरायचा. कापडाची गाठ बांधता बांधता तो मध्येच थांबायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं, "काय रे, झोपलास का?"

बायकोला सांगितलं तर ती एकदम भडकली. "खुर्ची गेली चुलीत. त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही."

"अगं, नुसतं तपासतील आधी."

"तेच नको म्हणते मी. हात दाखवून अवलक्षण कशाला?" एवढं बोलून तिने जीभ चावली आणि आत जाऊन उगाच भांडी घासायला घेतली. त्याला वाटलं, घाबरली बिचारी आपल्या काळजीने.

मग त्याने मास्तरांचा सल्ला घ्यायचं ठरवलं. पण थेट विचारायची लाज, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवलं. "मास्तर, माझा एक भाचा आहे. तो अशा अशा चाचणीला जायचं म्हणतोय."

मास्तरांनी दाढी खाजवली. "भाच्याला सांग, जाऊ नकोस. जुन्या खुर्चीवर चाललंय की बरं. आम्ही कुठे तक्रार करतो?"

भाच्याची खुर्ची मास्तरांना कुठून कळली, हे त्याला विचारावंसं वाटलं. पण त्याचं ठरत आलं होतं. मास्तरांची दाढी त्याला बघवत नव्हती. ती उतरवायची तर नवी खुर्ची हवी, आणि त्यासाठी जे काय व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवशी बायकोला न सांगता तो गेला. वजन झालं, रक्त घेतलं, छाती तपासली. "दोन्ही हात पुढे करा. बोटं ताठ," बाई म्हणाल्या. उजव्या हाताच्या बोटांवर त्यांनी एक कोरा कागद अलगद ठेवला. खोलीत पंखा बंद होता, खिडकीही बंद होती. कागद मात्र फडफडत होता.

"हे कधीपासून होतंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"काय कधीपासून?" तो म्हणाला. पण कागद त्यालाही दिसत होता, आवाजही येत होता.

या चाचणीत त्याला घेता येणार नव्हतं. बाईंनी नसांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, औषधाने फरक पडू शकतो म्हणाल्या, आणि खूप मायेने बोलल्या. त्याला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही.

घरी येऊन तो बायकोला एवढंच म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

"रोज तुमच्या कपाखालचा चहा कोण पुसतं?" ती म्हणाली आणि रडायला लागली. "कसं सांगायचं होतं हो मी? सगळी गल्ली गप्प बसली, मीच बोलू?"

त्याला झोप लागली नाही. मास्तर, पोस्टमन, किराणावाला, एकेकाची दाढी डोळ्यांपुढे येत राहिली. लाजेने त्याच्या अंगाची आग होत होती, आणि त्या सगळ्यांवर जीवही जडत होता.

सकाळी मास्तर आले. खुर्चीत बसले, खुर्ची सरकायला लागली. "केसच काप हं फक्त," ते सवयीने म्हणाले. "ही तुझी खुर्ची..."

"हो ना मास्तर," मखमल म्हणाला. "खुर्चीच बिघडलीय."

त्याने वस्तरा खणात ठेवून दिला आणि कात्री घेतली. कात्री कानाजवळ गेली, तसा मास्तरांनी श्वास रोखला. ते असा श्वास रोखून बसतात, हे त्याला आज पहिल्यांदाच दिसलं.