तुपाचा नवस

मालवण बंदराजवळच्या ज्या खानावळीत मी रोज दुपारी जेवतो, तिथल्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. सगळे त्यांना काकी म्हणतात, मीही. मी शाकाहारी, म्हणजे त्यांच्या लेखी माझा रोजच सोमवार.

एकदा पुण्याहून आलेल्या भाचीला सोबत नेलं. काकींनी काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं आणि कौतुकाने भातावर तूप घालायला आल्या. भाचीने ताटावर हात आडवा धरला.

"मी वीगन आहे. दूध, दही, तूप, मध, काहीच नाही."

घरी यावर सगळे हसले होते. काकी हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "नवस बोललंस काय गो? कोणासाठी?"

भाची गोंधळली. "गाईम्हशींसाठी."

"बरां केलंस. त्यांच्यासाठी कोण बोलतां?" तूप मागे घेऊन त्यांनी नारळाच्या दुधाची सोलकढी तिच्यापुढे ठेवली.

भाची कधीच पुण्याला परतली. काकी अजून विचारतात, "फिटलो काय रे तिचो नवस?"

"नाही अजून."

"मगे मामाचो पण हात लागूक व्हयो," म्हणत त्या माझं तूप निम्मं करतात.