सहावीच्या बाकावर मिस्त्री

मी सहावीला गणित शिकवते. जीभ जरा तिखट, म्हणून मुलं माझ्यामागे मला ‘ठसका’ म्हणतात, आणि ते मला ऐकू येतं. शाळा सुटली की माझ्या वर्गातून मुलं सुसाट पळतात. त्याच वेळी आपल्या पायांनी आत येऊन माझ्यासमोर बसणारा माणूस मी एकच पाहिला.

आमच्या शाळेचे बाक, कपाटं, दारंखिडक्या बघणारे ते मिस्त्री. अंगानं आडवे, कानावर पेन्सिल, आणि बोलताना समोरच्या माणसापेक्षा जवळच्या लाकडाकडे जास्त लक्ष. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. हजेरी सोडली तर मीही तिला तेच म्हणायचे. वर्षाच्या सुरुवातीलाच तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. वाचेल की नाही अशी अवस्था होती, पण वाचली, घरी आली. शाळेत एवढंच कळलं की अशक्तपणा फार आहे, सध्या घरीच ठेवायचंय.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मिस्त्री दारात उभे राहिले.

“बाई, पोरीचं वर्ष वाया जायला नको,” माझ्या टेबलाची कड अंगठ्यानं चाचपत ते म्हणाले. “दवाखान्यात मी तिला शब्द दिलाय, तुला तुझ्याच वर्गात परत नेऊन बसवीन. बाकीचं तिची आई वाचून दाखवते. गणितात मात्र आम्ही दोघंही ढ. तुम्ही मला शिकवा, मी घरी जाऊन तिला शिकवतो.”

“तुमचं शिक्षण किती?”

“चौथी. त्यातली तिसरी दोनदा.”

“म्हणजे बेरीज पाच वर्षांची झाली की!” मी म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. मग मीही मुकाट्यानं पुस्तक उघडलं.

मिस्त्री पहिल्या बाकावर बसले. तो बाक त्यांनीच केलेला, पण लहान मुलांच्या मापाचा. गुडघे आत जाईनात, म्हणून पाय बाहेर टाकून तिरके बसले. बेरीज-वजाबाकी झाली, पाढे घासूनपुसून झाले, आणि आम्ही अपूर्णांकांपाशी आलो. अर्धा, पाव, पाऊण त्यांच्या हातातलंच होतं. अष्टमांशाचीही भीती नव्हती, कारण इंचाचा आठवा भाग म्हणजे त्यांचं एक सूत. पण छेदात सात आला की घोडं पेंड खायचं.

“सातवा भाग कुठल्या टेपवर असतो, बाई?”

“टेपवर नाही, डोक्यात असतो.”

“आमच्या डोक्यात जागा कमी.”

एकदा मी उदाहरण घातलं. बारा फुटांच्या फळीचे आठ सारखे तुकडे केले, तर एक तुकडा केवढा? मला वाटलं, हे तरी चुटकीसरशी सुटेल. मिस्त्रींनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि उत्तर दिलं, “दीड फूट, एक सूत कमी.”

“एक सूत कुठं गेलं?”

“करवत खाणार ना. सात वेळा कापायचं, दर वेळी थोडा भुसा पडणार.”

“मिस्त्री, गणितातली करवत काही खात नाही.”

“फुकट राबते?”

“फुकट राबते. दीड लिहा.”

त्यांनी दीड लिहिलं खरं, पण सुतारकाम मोडीत निघाल्यासारखं तोंड केलं. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते.

पुढं त्यांना गोडी लागली. छेद सारखे करायला जमू लागलं. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा हे का, ते त्यांनी माझ्याकडून तीनदा समजून घेतलं. वर्गातल्या एकानंही ‘का’ विचारलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या बातमी असायची.

“काल छेद सारखे करून दाखवले तिला. अजिबात उठली नाही. बरोबर जागेवर मान हलवत होती.”

“उत्तरं सांगते?”

“बोलायला थकते अजून. पण कळतं तिला. डोळ्यांवरून समजतं हो, बाई.”

मला फार बरं वाटायचं. भिंगरी अर्धा तास एका जागी बसते, याचंच मला केवढं कौतुक!

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा मोठ्या बाईंनी मला बोलावलं. “तुम्ही एकदा घरी जाऊन बघून या,” त्या म्हणाल्या. “वर जाण्यापुरतं गणित येतंय असं तुम्ही सांगितलंत, तर मी तिला सातवीत घालते. परीक्षेचं मी बघून घेईन.” एवढं सोपं होईल असं मलाही वाटलं नव्हतं. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

रविवारी सकाळी गेले. एकच मोठी खोली, पण लखलखीत. खिडकीपाशी तिच्यासाठी केलेलं उतरतं टेबल होतं. त्यावर लाकडाचे तुकडे मांडलेले होते, अर्धा, पाव, अष्टमांश. प्रत्येकाच्या कडा घासून मऊ केल्या होत्या, हाताला लागू नयेत म्हणून. भिंगरी खुर्चीत बसली होती. केस कापलेले, अंग भरलेलं. मला बघून ती हसली, पण ते हसू ओळखीचं नव्हतं. दारातून जो कोणी आला असता त्याच्यासाठी ती तशीच हसली असती.

“भिंगरी, कोण आलंय बघ,” मिस्त्री म्हणाले. “बाईंना अर्धा दाखव. काल दाखवलास ना मला?”

तिनं एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. तो पाव होता.

मी तिच्याजवळ खाली बसले. “बरं, राणी, मला दोन दे,” मी म्हणाले. “दोनच हं.”

तिनं आणखी एक दिला. मी शाबास म्हणाले. मग तिनं तिसरा दिला, मग चौथा, मग पाचवा. मी “बस, बस” म्हणत होते आणि ती हसत हसत देत होती. टेबल रिकामं झालं, माझी मांडी भरली. द्यायला काही उरलं नाही तेव्हा तिनं तिचा रिकामा हात माझ्या हातात दिला.

“दमलीय आज,” मिस्त्री म्हणाले. “काल नीट सांगत होती. बाई, तुम्ही जरा थांबा, मी विचारतो...”

“अहो, पुरे,” तिची आई म्हणाली. ती इतका वेळ ओट्यापाशी पाठ करून उभी होती. मग माझ्याकडे वळली. “हे बोलत असले की ती मान हलवते, बाई. रेडिओ लावला तरी हलवते. मी किती वेळा सांगितलं ह्यांना.”

मिस्त्रींनी माझ्या मांडीवरचे तुकडे एकेक करून उचलले आणि टेबलावर मापाप्रमाणे लावून ठेवले, मोठ्यापासून लहानापर्यंत. रस्ता दिसेनासा होईल इतकी रडत मी घरी आले. मोठ्या बाईंना खरं ते सांगितलं.

मिस्त्री यायचे थांबले. मुलं सातवीत गेली, माझ्यापुढं नवी सहावी आली. तीच चुळबुळ, तोच गोंगाट. बाकांची कामं निघाली तेव्हा ते पिशवी घेऊन आले, पण मुलं गेल्यावर. खिळे ठोकले, एक फळी बदलली, भुसा झाडून घेतला. मला वाटलं, आता जातील. ते पहिल्या बाकावर बसले, पाय बाहेर टाकून, तिरके.

“मिस्त्री, दशांश राहिलेत आपले,” मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“ते नको, बाई. मागचंही सगळं राहू दे.” त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. “एक म्हणजे काय, हे पोराला कसं शिकवतात? तेवढं मला सांगा.”

मी खडू उचलला आणि फळ्यापाशी गेले. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेलं प्रत्येक मूल ‘एक’ म्हणजे काय ते शिकूनच आलेलं होतं. कुणी शिकवलं, कसं शिकवलं, मी कधी विचारलं नव्हतं.

“मला नाही हो येत, मिस्त्री,” मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

ते उठले नाहीत. मी शिकवायला लागेन, याची वाट बघत तसेच बसून राहिले.