इंजिनातली पिंड

जीपचं बॉनेट पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं, तेव्हा मी दोन्ही हात जोडले होते. हसू नका. लग्न होऊन मला सहा महिने झालेले, आणि त्याआधी मोटार पाहिली ती लांबूनच, धुरळा उडवत गेलेली. आत काय असतं हे मला कोण सांगणार? तर आत पाहते काय, त्या सगळ्या तेलकट लोखंडाच्या गर्दीत, एका अंगाला, काळीभोर, गुळगुळीत, ओंजळीत मावेल एवढी एक पिंड. तिच्या माथ्यावरून पाच जाड वायरी वर उठलेल्या. चार कडेनं आणि एक मधोमध. पाच फण्यांचा नागच. मी मनात म्हटलं, महादेवा, तू इथंही येऊन बसलास होय!

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडपासून दोन कोसांवर. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ. यजमान आणि मी. थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. घरची शेती भासरे पाहायचे. यजमानांचं मन मात्र मातीत नव्हतं. ट्रकवर क्लीनर राहून ते गाडी शिकले होते, आणि भासऱ्यांच्या हातापाया पडून मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी नुकतीच घरी आणली होती. रंग उडालेला, मागचं दार दोरीनं बांधलेलं. पण यजमान तिच्याजवळ उभे राहिले की दोन इंच उंच दिसायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाजाराच्या दिवशी गावातली माळवं लावणारी माणसं टोपली घेऊन आमच्या दारात यायची. वांगी, मिरच्या, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. सगळ्यांना कोंबून यजमान धाडला न्यायचे. इतर दिवशी कुणाची पोती, कुणाचं आजारी माणूस बुलडाण्याला.

आत्याबाईंनी मला पहिल्याच बाजाराला सांगितलं होतं, "गाडी लक्ष्मी हाय वं माय. बाजाराच्या दिवशी अन् अवसेले तिची पूजा करत जाय." यजमान तेल-पाणी पाहायला बॉनेट उघडायचे आणि भाकर खायला आत यायचे. तेवढ्यात मी हळद-कुंकू घेऊन जायचे. चाकांना बोटं लावायचे, दिव्यांना लावायचे, आणि शेवटी पिंडीला. आता पिंड म्हटली की नुसतं कुंकू लावून कसं भागेल? मी वरून गडव्यानं पाणी घालायचे. सावकाश, धार मोडू न देता, माहेरी देवळात घालायचे तसं. मग बॉनेट लावून घ्यायचे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि गाडी बिघडायला लागली.

रोज नाही. तेच तर. चार-चार दिवस वाऱ्यासारखी पळायची, आणि एखाद्या दिवशी दारातूनच अडखळत निघायची. यजमान म्हणायचे, "मिसिंग मारून राह्यली." मला तो शब्द कळायच्या आधी आवाज कळला. लग्नघरी हळद कांडताना एका उखळाभोवती चार जणी उभ्या राहतात ना, चार मुसळं पाळीपाळीनं पडतात, धड धड धड धड. त्यातली एक दमली, तिनं हात वर उचलला पण मुसळ टाकलंच नाही, तर कसं वाटेल? धड धड धड, आणि एक जागा रिकामी. तसा आवाज. गावाबाहेर नाला आहे, त्याच्या पलीकडे चढ. त्या चढावर गाडी नेमकी बसायची. माळव्यावाले उतरून ढकलायचे, शिव्या द्यायचे. अर्धा तास उभी राहिली की आपोआप चालू, आणि मग धाडपर्यंत काही नाही.

यजमानांनी प्लग बदलले. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोलच्या नळीत फुंकून फुंकून त्यांचे ओठ सुजले. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. आत्याबाईंना नजर लागल्याची खात्री पटली. "पूजा कमी पडून राह्यली," त्या मला म्हणाल्या. "वाढव." मी वाढवली. एकाचे दोन गडवे केले, वर नारळ फोडून त्याचंही पाणी वाहिलं. त्या दिवशी गाडी नाल्यापर्यंतसुद्धा गेली नाही, वेशीतच बसली. भासरे बैलजोडी घेऊन ओढून आणायला गेले. मिलिटरीची गाडी आमच्या बैलांमागं घरी आली, आणि सारं गाव पाहायला उभं.

संध्याकाळी भासरे ओसरीवर यजमानांना म्हणाले, "हे पाय लहान्या. येत्या बाजाराले गाडी पुन्हा बसली, तं इकून टाकतो. मंग तू अन् तुहा वखर."

यजमान ताटावर बसले आणि भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. ज्याला गाडी येते त्याला वखरामागं उभं करणं म्हणजे काय, ते मला त्या बोटांवरून कळलं.

पाच दिवसांनी बुलडाण्याहून एसटीनं मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. दाढी पांढरी, एका डोळ्यात फूल पडलेलं, खांद्याला हत्यारांची पिशवी. मला वाटलं आता हे इंजिन खोलणार आणि अंगणभर लोखंड पसरणार. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. यजमानांना गाडी चालू करायला लावली, खिशातून एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. असा तो म्हातारा माणूस इंजिनाचं काळीज ऐकत किती वेळ उभा होता! मी दाराआडून पाहत होते. मलाही ऐकू येत होतं. धड धड धड धड. चारही मुसळं जागच्या जागी.

"इसमें कुछ नहीं," चाचा म्हणाले.

"डाक्तर आला का दुखनं पयते!" भासरे हसले. "लाजली वाटते तुम्हाले पाहून."

"लाजली नाही. हिचा टाइम ठरलेला आहे." चाचा बाजेवर बसले. "क्या बिगडा वो मैं देख लूँगा. कब बिगडता है, वो तुम बताओ."

"चढावर," यजमान म्हणाले.

"हर चढ पे?"

"नाई. नाल्याच्या."

"रोज?"

"रोज नाई. कधी कधी."

"कधी कधी नावाचा वार नाही, बेटा. सोचो."

"वजनानं बसत असन," भासरे म्हणाले.

"परवा भुईमुगाची पोती नेली, दादा. तवा तं नाई बसली."

मला मात्र माहीत होतं. चुलीपाशी बसून मी रोज ती गाडी ऐकत होते, तिचे कोणते दिवस चांगले आणि कोणते वाईट ते मला बोटांवर पाठ होतं. पण भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, आणि त्यांनी तेच वाक्य दोन हातांवर बसलेल्या भासऱ्यांना पुन्हा सांगायचं. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले.

"सून म्हणते," आत्याबाईंनी अंगणात आवाज दिला, "बाजाराच्या दिवशी अन् अवसेले."

"तिले काय समजते त्यातलं?" भासरे म्हणाले.

चाचांनी मान वर केली. "उसी को समझता है. पूछो बेटी को, त्या दिवशी घरात अजून काय होते, जे बाकी दिवशी होत नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हाताला एकाएकी गार गडव्याचा भास झाला. बाजार. अवस. एक गडवा, मग दोन, मग नारळ. वाढवली तशी बिघडली. न सांगितलं तर कुणाला कधी कळलं नसतं. पण मग गाडी गेली असती, आणि ती बोटं तुकडा फिरवत राहिली असती.

"पूजा," मी म्हणाले.

"पूजा," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग वळून मला, "काऊन वं? पूजेचं काय त्यात?"

"मी त्या पिंडीवर पाणी घालते, आत्याबाई."

हे वाक्य काही त्यांनी पुढं सांगितलं नाही. पण अंगणात ते सगळ्यांनाच ऐकू गेलं होतं.

"कोन्ती पिंड?" भासरे.

चाचा मात्र उठून उभे राहिले. "बेटी," ते म्हणाले, "जशी बाजाराच्या दिवशी करते, तश्शीच पूजा आत्ता कर. काही सोडू नको."

पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी अंगणात उतरले. भासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली, पण त्यांचा कान माझ्याकडेच होता. यजमानांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. चाकांना बोटं लावली, दिव्यांना लावली, पिंडीला कुंकू लावलं आणि गडवा वाकडा केला. धार मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मोडली.

"अब चालू करो."

बराच वेळ नुसती घरघर. मग इंजिन लागलं. धड धड धड, आणि रिकामं. धड धड धड, आणि रिकामं.

कुणी हसेल असं मला वाटलं होतं. चाचा हसले नाहीत. ते आत्याबाईंना म्हणाले, "एक गोधडी दो, माँजी. मोठी."

भर दुपारी, लखलखीत उन्हात, त्यांनी उघड्या बॉनेटवर आमची गोधडी पसरली, खाली कडा सोडल्या आणि चालत्या इंजिनाशी स्वतः आत शिरले. क्षणभरानं हात बाहेर आला. "इधर आ, बेटी. तूच पाहा. पंख्याकडे हात नेऊ नको."

मी गोधडीखाली वाकले. आत काळाकुट्ट अंधार, पेट्रोलचा वास, गालावर इंजिनाची धग. आधी काही दिसेना. मग दिसलं. माझ्या पिंडीच्या अंगावरून, कुंकवाच्या ओल्या ओघळातून, एक निळी रेघ खाली पळत होती. बारीक, करंगळीच्या नखाएवढी. लुकलुकायची, विझायची, पुन्हा पळायची. आकाशात वीज पाहिली होती मी, पण ती आपल्यापासून किती लांब! ही माझ्या नाकापुढं हातभरावर होती, माझ्या घरच्या गोधडीखाली, माझ्याच पाण्याच्या वाटेनं चाललेली. खाली पळणारी ती रेघ आणि ते न पडलेलं मुसळ एकच होतं, हे मला कुणी न सांगता कळलं. जी वीज वायरीतून जाऊन इंजिनात ठोका मारायची, ती इथं बाहेर सांडत होती.

"पिंड म्हणाली ना तू?" अंधारात चाचांचा आवाज आला. "पिंड ही है. सगळी बिजली इथून वाटली जाते, चौघांना, ज्याच्या त्याच्या पाळीनं. चालीस साल हो गये, अजून हात लावायच्या आधी मी मनात सलाम करतो."

गोधडीतून बाहेर आले तर डोळ्यांपुढं ऊन नाचत होतं. चाचांनी इंजिन बंद करवलं, पिंडीची टोपी काढली, फडक्यानं पुसली आणि उन्हाकडे धरली. केसाएवढी चीर. त्या चिरेत माझं कितीतरी बाजारांचं कुंकू बसलेलं, लाल. "चीर जुनी आहे, मिलिटरीतली," ते म्हणाले. "कोरडी असली तं चालते. पाणी गेलं का बिजली रस्ता सोडते. गरम होऊन वाळली का पुन्हा रस्त्यावर. म्हणून उभी राहिली का आपोआप चालू." यजमान कपाळावर हात मारून खाली बसले, आणि मग हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

नवी टोपी खामगावहून यायला आठ दिवस लागणार होते. बाजार परवावर. चाचांनी सुईनं चीर कोरून स्वच्छ केली आणि इकडंतिकडं पाहिलं. "मोम आहे का घरात?"

मी आत पळाले आणि माझा करंडा आणला. तेव्हा आम्ही बायका कपाळाला आधी मेण लावून मग त्यावर कुंकू टेकवायचो, म्हणजे दिवसभर टिकायचं. करंड्याच्या एका खणात मेण असायचंच. चाचांनी माझं ते कपाळाचं मेण बोटावर घोळवून मऊ केलं आणि चिरेत भरलं. आठ दिवस निघतील म्हणाले.

बाजाराच्या सकाळी मी चाकांना कोरडं हळद-कुंकू लावलं. पिंडीला लांबूनच हात जोडले. सवयीनं गडवा भरून आणला होता, तो तसाच हातात राहिला. माळव्यावाले चढले, एक जण टोपल्यावर बसत म्हणालासुद्धा, "ढकलायले चांगले चार गडी घ्या रे संगं!" यजमानांनी गाडी काढली. आत्याबाई आत गेल्या. मी अंगणातच उभी राहिले, डोळे मिटून.

वेस. धड धड धड धड. मग नाल्यात उतरल्यावर आवाज बुडाला. माझ्या गडव्यातलं पाणी डचमळत होतं. मग पलीकडून, चढावर, जड झालेला, खोल गेलेला, पण चारही मुसळांचा आवाज आला. एकही जागा रिकामी नाही. वर वर जात तो बारीक झाला आणि धाडच्या रस्त्याला लागून पुसला गेला.

डोळे उघडले तर फाटकापाशी भासरे उभे. तेही ऐकत होते, हाताचा पंजा कानामागं धरून. त्यांनी वळून अंगणाकडे पाहिलं. आत्याबाई नव्हत्या, कुणीच नव्हतं, मी होते.

"चढली," ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी थेट बोललेला तो त्यांचा पहिला शब्द. मी पदराआडून मान हलवली, आणि हातातलं पाणी जीप उभी राहायची त्या जागेवर, तेलाच्या काळ्या डागावर ओतलं. सावकाश. धार मोडली नाही.